घरगुती बाईक लिफ्ट (नागपूर)

घरगुती बाईक लिफ्ट म्हणजे घरच्या पार्किंगमध्ये किंवा अंगणात टू-व्हीलर जमिनीवरून वर उचलायची आणि काम होईपर्यंत तशीच धरून ठेवायची सोय. मग ती पॅडॉक स्टँडची साधी पाइपची चौकट असो, इंजिनखाली सरकवायचा कात्री जॅक असो, की गॅरेजात असतो तसा पायाने पंप मारायचा हायड्रॉलिक रॅम्प. नागपुरात दुकानात गेलं की या तिन्हीला सरसकट स्टँडच म्हणतात, त्यामुळे आपल्याला नेमकं काय पायजे ते घरूनच ठरवून गेलेलं बरं, नाही तं दुकानदार जे पडलेलं असतं तेच हातात देतो.

लागते कशाला? चेन साफ करून ऑइल मारणं, चेन ताणणं, मागचं चाक काढणं, ब्रेक शू किंवा पॅड बदलणं, पुढचे शॉकअप उतरवणं, एवढीच कामं. डबल स्टँड असलेल्या गाडीवाल्याला यातल्या अर्ध्याहून जास्त कामांसाठी काहीच विकत घ्यायची गरज नाही. अ‍ॅक्टिव्हा, स्प्लेंडर, बुलेट, क्लासिक यांचं मागचं चाक डबल स्टँडवर आपोआप हवेत राहतं. खरी पंचाईत होते ती नुसता साइड स्टँड असलेल्या गाड्यांची, म्हणजे ड्यूक, आर१५ अशा स्पोर्टी गाड्यांची. पोरं या गाडीचं मागचं चाक साइड स्टँडवर तिरपं करून, एकानं हँडल ओढून धरून, दुसऱ्यानं चेनला ब्रश मारून साफ करतात, आणि गाडी घसरली की टाकी चेमटते.

आता वजनाचं. स्प्लेंडर साधारण ११२ किलो, अ‍ॅक्टिव्हा १०६ च्या आसपास, क्लासिक ३५० म्हटली तर १९५, आणि ६५० सीसीच्या एन्फिल्ड दोनशेच्या वर. ऑनलाइन जाहिरातीत मात्र ५०० किलो, ७०० किलो असे आकडे मोठ्या अक्षरात लिहिलेले असतात आणि माणूस त्याच्यावरच भाळतो. मागचा पॅडॉक स्टँड पूर्ण गाडी उचलतच नाही, पुढचं चाक जमिनीवरच असतं, म्हणजे त्याच्यावर येतो तो ढोबळमानाने अर्धाच भार. क्लासिकसारख्या जड गाडीचासुद्धा शंभर किलोच्या आसपास. म्हणून क्षमतेचा आकडा हा लिफ्ट निवडताना बघायच्या गोष्टींमध्ये सगळ्यात शेवटचा. आधी बघायचं की वर गेलेली गाडी कशाच्या भरवशावर उभी आहे. तेलाच्या प्रेशरवर, स्क्रूच्या आट्यांवर, की आडव्या घातलेल्या लोखंडी पिनेवर? आणि दुसरं, खालची बैठक किती रुंद आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली की बाकी रंग आणि स्टिकर.

पॅडॉक स्टँड

नागपूरच्या घरगुती वापरात हाच सगळ्यात जास्त दिसतो आणि माझ्या मते बहुतेकांना इथंच थांबायला हरकत नाही. यू आकाराची पाइपची चौकट, दोन छोटी चाकं, आणि वर दोन हात. हे हात गाडीच्या स्विंगआर्मला, म्हणजे मिस्त्रीच्या चिमट्याला, खालून टेकतात आणि दांडी खाली दाबली की तरफेच्या जोरावर मागचं चाक वर येतं. दांडी पूर्ण खाली गेली की गाडीचा भार स्टँडच्या चाकांच्या टेकूपलीकडे जातो, म्हणून तो आपोआप परत उठत नाही. तेल नाही, सील नाही, बिघडायला काही नाही.

हात दोन प्रकारचे. एल आकाराचे रबर लावलेले, ते चिमट्याच्या खाली नुसते टेकतात. आणि व्ही आकाराचे, त्यांना चिमट्यावर बॉबिन, म्हणजे बोल्टनं आवळायच्या खाचेच्या गुंड्या, बसवलेले लागतात. बॉबिन पक्के, घसरत नाहीत, पण चिमट्यात त्यासाठी आट्यांचं भोक कंपनीकडूनच असावं लागतं आणि ते एम६, एम८, एम१० (म्हणजे ६, ८, १० मिमीचा बोल्ट) यापैकी कुठलं ते मोजल्याशिवाय बोल्ट घ्यायचा नाही. एम८ च्या भोकात जबरदस्तीनं एम१० फिरवला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले समजा, मग चिमटा लेथवाल्याकडे. साध्या चौकोनी पाइपच्या चिमट्याला एल रबर चालतं, पण केळ्यासारखा वाकलेला किंवा खालून निमुळता चिमटा असेल तर एल रबर मागे सरकतं, तिथं बॉबिनच घ्या.

पुढचा पॅडॉक वेगळा येतो. एक प्रकार शॉकअपच्या खालच्या टोकाला धरतो, त्यात चाक निघतं पण शॉकअप निघत नाही. दुसरा हँडलच्या खाली स्टेमच्या, म्हणजे हँडल ज्या दांड्यावर फिरतं त्याच्या, भोकात पिन घालून उचलतो, त्याच्यात शॉकअपसुद्धा उतरवता येतात. नियम एकच आणि त्याला अपवाद नाही, आधी मागचा स्टँड लावायचा, मग पुढचा. उतरवताना आधी पुढचा काढायचा.

कात्री जॅक

याला ऑनलाइन बाईक लिफ्ट म्हणूनच विकतात. खाली पाट, वर पाट, मधे कात्री आणि आडवा स्क्रू, पान्यानं किंवा ड्रिलनं फिरवायचा. चांगली गोष्ट ही की आटे चौकोनी किंवा ॲक्मी, म्हणजे माथा सपाट आणि बाजू किंचित तिरप्या असलेले, असले की स्क्रू स्वतःच लॉक राहतो, हात सोडला तरी गाडी खाली येत नाही. वाईट गोष्ट ही की कात्री एकदम मिटलेली असताना भयंकर जोर लागतो. हिशोब सोपा आहे, कात्रीची पट्टी जमिनीशी १५ अंशात असताना स्क्रूवर गाडीच्या भाराच्या जवळपास पावणेचार पट ओढ येते आणि ४५ अंशाला तीच ओढ एक पट होते. म्हणूनच स्वस्त जॅकचे आटे झिजतात ते पहिल्या दोन इंचात. उपाय म्हणजे जॅकखाली लाकडी फळी ठेवून सुरुवात उंचावरून करायची, आणि आट्यांना ग्रीस मारायचं.

कात्री जॅक कुठं लावायचा हा मात्र घोळाचा विषय आहे. ज्या गाडीच्या इंजिनखालून फ्रेमचे दोन पाइप जातात तिला काही प्रश्न नाही, पाइपांखाली रबर टेकवा आणि उचला. पण बऱ्याच गाड्यांत इंजिनच फ्रेमला लटकवलेलं असतं, खाली पाइप नसतोच, आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर कित्येकदा सायलेन्सरचा मोठा डबा बरोबर पोटाखाली येतो. तिथं जॅक लावला की डबा दबतो, आणि ऑइल सम्पवर, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या वाटीवर, लावला तर तो फुटायची भीती. अशा गाडीला कात्री जॅक घेऊच नका, पॅडॉक घ्या. दुकानदार म्हणेल "होते ना भाऊ, सगळेच लावते", तर त्याला आपली गाडी दाखवून लावायला सांगायचं.

हायड्रॉलिक रॅम्प

साधारण दोन मीटर लांब पत्र्याचा प्लॅटफॉर्म, त्याच्यावर पूर्ण गाडी चढवायची, पुढचं चाक शिकंज्यात आवळायचं आणि पायानं पंप मारून कमरेच्या उंचीला न्यायचं. पाठ दुखणाऱ्या माणसाला याच्यासारखं सुख नाही, हे मान्य. यामागचं तत्त्व पास्कलचं, म्हणजे बंद तेलात एका जागी दिलेलं प्रेशर सगळीकडे सारखंच पोचतं, त्यामुळे छोट्या पिस्टनवर थोडा जोर दिला की मोठ्या पिस्टनवर क्षेत्रफळाच्या पटीत जोर मिळतो. जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं ते याच तत्त्वावर आणि आजचा बाटली जॅकसुद्धा त्याचाच वंशज.

पण घरासाठी? जागा खातो, किंमत पॅडॉकच्या कितीतरी पट, आणि तेलावर भरवसा ठेवून खाली हात घालायचा नाही. सील गेलं की गाडी हळूहळू किंवा एकदम खाली येते. म्हणून ज्या रॅम्पला लोखंडी लॉकचा दांडा नाही, म्हणजे वर नेल्यावर खाचेत अडकवायची पट्टी नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मागचं चाक काढायला प्लॅटफॉर्मला मागे निघणारा तुकडा असावा लागतो, तोही बघून घ्या, नाही तं गाडी वर जाते पण चाक काही निघत नाही.

जागा आणि हवा

नागपूरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर नीट भरणी न करता टाकलेलं पार्किंगचं काँक्रीट काही वर्षांत कुठं वर कुठं खाली होतं. मनीषनगर, बेसा, हुडकेश्वर, दिघोरी या भागांतल्या लेआउटवर बांधलेल्या घरांत हे बघायला मिळतं. पेव्हर ब्लॉक असतील तर तेही एकेक खचतात. पॅडॉकचं एक चाक खड्ड्यात आलं की गाडी तिरपी. त्यामुळे जागा ठरवताना आधी लेव्हल लावून बघा, आणि ब्लॉकवर काम करायचंच असेल तर खाली जाड प्लायवूड टाका. व्हिट्रिफाइड टाइल सगळ्यात वाईट, चेनचं ऑइल सांडलं की स्टँडसकट सगळं घसरतं, आणि कात्री जॅकचा भार एका कोपऱ्यावर आला की टाइल तडकते. कोटा फरशी किंवा खडबडीत सिमेंट बरं.

उन्हाचं तर विचारूच नका बाप्पा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा टेरेसवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या स्टँडचं रबर कडक होऊन चिरतं, आणि चिरलेल्या रबरमधून लोखंड थेट चिमट्यावर घासतं. हायड्रॉलिकचं तेल तापलं की पातळ होतं, आधीच थकलेलं सील अशा वेळी गळायला लागतं. तेल बदलायचं तर हायड्रॉलिक ऑइलच भरायचं. घरात उरलेलं ब्रेक ऑइल ओतू नका, त्यानं जॅकचं रबर सील फुगून खराब होतं.

विकत घ्यायचं की बनवून घ्यायचं

इतवारीतल्या लोहा ओळीत लोखंड किलोवर मिळतं आणि शहरात वेल्डिंगवाले गल्लोगल्ली आहेत, हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीमुळे चांगला हात असलेले फॅब्रिकेटरही भरपूर. त्यामुळे पॅडॉक स्टँड बनवून घेणं इथं सहज जमतं. ४० बाय ४० चा २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप मीटरला सव्वादोन ते अडीच किलो भरतो, आणि एका स्टँडला फार तर तीन मीटर लागतो, म्हणजे लोखंड सातेक किलो, बाकी मजुरी, चाकं आणि रबर. वेल्डिंगवाल्याला पाइप आणायला सांगितलं तर तो १६ गेजचा, म्हणजे दीड मिमीच्या आसपासचा आणेल, त्याला १४ गेज म्हणून ठासून सांगा. आणि नुसते टाके मारून सोडू देऊ नका, सांधा पूर्ण चारही बाजूंनी भरलेला पायजे. रंग मारायच्या आधी बघा, रंगाखाली सगळं छान दिसतं.

कात्री जॅक मात्र बनवून घेऊ नये. स्क्रूचे आटे आणि पिनांची भोकं अचूक लागतात, लेथचं काम वाढतं, शेवटी तयार जॅकपेक्षा महाग पडतो.

स्नोमोबिल लिफ्ट

हा याच कुळातला थंड प्रदेशातला नातेवाईक, कॅनडा-अमेरिकेत घरोघरच्या गॅरेजात दिसतो. स्नोमोबिल म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, पुढे दोन स्की आणि मागे रबराचा रुंद पट्टा. जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांच्या कंपनीनं १९५९ मध्ये स्की-डू आणली आणि तिथून ही गाडी घरगुती झाली. वजन बऱ्याचदा २०० ते ३०० किलो. आपल्याकडे ती बघायची तर गुलमर्गसारख्या बर्फाच्या ठिकाणी जावं लागतं, नागपुरात तिचं काम नाही, पण तिची लिफ्ट निवडायची रीत आपल्या पॅडॉकशी तंतोतंत जुळते. तिथंही मागचा बंपर धरून फक्त मागची बाजू उचलतात, म्हणजे भार अर्धाच, आणि पट्टा हवेत लोंबकळू देऊन त्याची ताण तपासतात, सस्पेन्शनला ग्रीस मारतात, घासून गेलेल्या प्लॅस्टिकच्या स्लायडर पट्ट्या बदलतात. स्वस्त लिफ्ट तरफेची, महाग हायड्रॉलिक, आणि मधे विंचची, म्हणजे दोर गुंडाळून ओढायच्या चरखीची, किंवा ड्रिलनं फिरवायची. पट्टा हवेत फिरवताना मागे कुणी उभं राहायचं नाही, त्याच्यात अडकलेला खडा किंवा तुटलेला लोखंडी खिळा गोळीसारखा सुटतो.

आपल्याकडे त्याच्याइतकाच जीवघेणा प्रकार म्हणजे गाडी स्टँडवर, इंजिन चालू, गिअर टाकलेला, आणि चेनला कपडा लावून साफ करणं. कपडा स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चकतीत, खेचला जातो आणि बोटं त्याच्या मागोमाग. चाक हातानेच फिरवायचं, इंजिन बंद, चावी काढलेली. ओ-रिंगच्या, म्हणजे कड्यांत रबरी रिंगा असलेल्या, चेनला रॉकेल चालतं, पेट्रोल नाही, आणि नंतर ९० नंबरचं गिअर ऑइल. चेनची ढील किती ते गाडीच्या पुस्तिकेत असतं आणि मोजायची स्टँडवर की साइड स्टँडवर तेही त्यातच बघा, सगळ्या गाड्यांचं सारखं नसतं. एबीएसवाल्या गाडीत चावी लावून नुसतं मागचं चाक जोरात फिरवलं तर एबीएसचा दिवा लागू शकतो, पुढचं चाक थांबलेलं आणि मागचं फिरतंय म्हणून सिस्टम गोंधळते, बहुतेक वेळा थोडी गाडी चालवली की तो जातो.

जुना रॅम्प

एखादं गॅरेज बंद होताना रॅम्प अर्ध्या किमतीत निघतो आणि तो नव्या हलक्या मालापेक्षा दणकट असतो, पण घ्यायच्या आधी एक रात्र मागून घ्यावी. त्याच्यावर गाडी चढवायची, शिकंजा आवळून बाजूनं दोरी बांधायची, कमरेपर्यंत उचलायचं आणि लॉक खाचेत न टेकवता किंचित वर सोडायचं, म्हणजे खाली आलाच तर लॉकवर थांबेल. प्लॅटफॉर्मच्या उंचीला शेजारच्या भिंतीवर खडूची रेघ मारायची. सकाळी रेघ आणि प्लॅटफॉर्म जागेवर असतील तर सील चांगलं आहे. एखाद-दोन मिमी खाली आलं असेल तर सील बदलायचा खर्च किमतीतून कापून मागा, आणि लॉकवरच येऊन बसलं असेल तर सिलिंडरची दांडी हात फिरवून तपासा. तिच्यावर उभे ओरखडे लागत असतील तर नवं सील टाकूनही ते परत फाटणार, तो रॅम्प भंगाराच्या भावानंच घ्या नाही तं सोडून द्या.