अवघड इंग्रजी शब्द आपल्या जास्त जवळचे

नाशिकच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या वह्यांत इंग्रजी शब्दांच्या लांबलचक याद्या असतात. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, रोज ठरलेलं पाठांतर. मेहनत खरी असते, पण टिकत फार थोडं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेली निरर्थक अक्षरं पहिल्या दिवसभरातच बरीचशी निसटत. अर्थपूर्ण कविता पाठ करायला मात्र त्याला त्याच्या साधारण एक दशांश कष्ट पुरले. नवीन गोष्टीला डोक्यात आधीपासून काहीतरी धरायला लागतं.

मराठी माध्यमातल्या मुलांकडे हे धरायला भरपूर आहे आणि ते त्यांना कुणी सांगत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. पंचवटीतला ‘पंच’ ग्रीकमध्ये ‘पेंटे’ होतो, त्यावरूनच पेंटागॉन. त्र्यंबकेश्वरातला ‘त्रि’ आणि आपला ‘पाद’ एकत्र आले की ट्रायपॉड. अग्नी आणि इग्निशन, मृत आणि मॉर्टल, नाम आणि नॉमिनी, नव आणि इनोव्हेशन हे सगळे एकाच कुळातले. भाषांचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे हेच मांडलं होतं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघालेल्या असाव्यात. इंग्रजी संस्कृतमधून जन्मली, असा अर्थ मात्र यातून काढू नये. त्या चुलतबहिणी आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंग्रजीतले सोपे, घरगुती शब्द आपल्याला परके वाटतात, कारण ते याच भाषाकुळाच्या जर्मानिक शाखेतले आहेत. त्या शाखेत ‘प’चा ‘फ’, ‘त’चा ‘थ’ आणि ‘द’चा ‘ट’ झाला. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने हा नियम १८२२ मध्ये मांडला. म्हणून पाद-फूट, त्रि-थ्री, दंत-टूथ. पण १०६६ नंतर नॉर्मन फ्रेंचमधून आलेले आणि पुढे विद्वानांनी थेट लॅटिन-ग्रीकमधून उचललेले शब्द त्या बदलातून गेलेच नाहीत. पितृशी फादरपेक्षा पॅटर्नल जास्त जुळतो, दंतशी टूथपेक्षा डेंटल. परीक्षेत घाबरवणारे शब्द बहुतेक याच दुसऱ्या गटातले असतात.

एकच धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, जवळून पाहू. नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस आहे. लॅटिनमध्ये ‘कुर्रेरे’ म्हणजे धावणे. करन्सी म्हणजे हातोहात फिरत राहणारा पैसा. मराठीतही आपण त्याला ‘चलन’च म्हणतो. विजेचा करंट वाहतो, स्क्रीनवरचा कर्सर पळतो, बँकेतलं रिकरिंग दर महिन्याला फिरून येतं. इथपर्यंत सगळे रोजचे शब्द. याच वाटेने पुढे गेलं की इन्कर्शन, म्हणजे आत धाव घेणं, घुसखोरी. डिस्कर्सिव्ह, म्हणजे या विषयावरून त्या विषयावर पळणारं लेखन. आणि न्यायालयाच्या बातम्यांत येणारा कन्कर: बरोबरीने धावणे, म्हणजेच सहमत होणे.

धातू अंदाज देतो, निकाल मात्र वाक्यच देतं. पेडेस्ट्रियनमधला ‘पेड’ पायाचा, पण बालरोगतज्ज्ञाच्या पाटीवर पेडियाट्रिशियन असतं, तिथला ‘पेड’ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ मूल. शिवाय इंग्रजी पेपरात एखाद्याच्या फलंदाजीला पेडेस्ट्रियन म्हटलेलं असेल, तर तिथे पादचारी शोधून चालणार नाही. ‘अगदीच सामान्य, रटाळ’ हा अर्थ आजूबाजूच्या मजकुरातूनच कळतो.

यासाठी मजकूर झेपेल असा हवा. शब्दसंग्रह कसा वाढतो याचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००० साली दाखवलं की, मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. शंभरात दोन अनोळखी, एवढंच. पहिल्याच ओळीत चार शब्द अडले तर ते पुस्तक खुशाल बाजूला ठेवावं आणि सोपं घ्यावं. सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० सालची संस्था ज्या गावात आहे, तिथे दुसरं पुस्तक मिळायला अडचण नाही. शब्द अडला की आधी धातू ओळखायचा, वाक्यावरून अर्थ ठरवायचा, मगच डिक्शनरी उघडायची. यादीऐवजी वहीत एका धातूला एक पान द्यावं आणि प्रत्येक शब्दाखाली तो जिथे भेटला ते वाक्य लिहावं. दोन दिवसांनी, मग आठवड्याने, अर्थ झाकून आठवून पाहावा.

पहिल्या पानासाठी ‘स्पेक्ट’ घ्या. अर्थ पाहणे, संस्कृतातल्या ‘पश्यति’चा हा नातलग. इन्स्पेक्टर, प्रॉस्पेक्ट, रेट्रोस्पेक्ट, आणि मग सर्कमस्पेक्ट: चारी बाजूंना पाहून पाऊल टाकणारा.