विंडोज ११ टाकलं, आता दोन-दोन रिकव्हरी पार्टिशन का दिसताहेत?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून अपग्रेडचीच कामं जास्त येतायत, आणि मशीन घरी गेलं की फोन ठरलेला, डिस्कचे भाग दाखवणाऱ्या डिस्क मॅनेजमेंटमधे जास्तीचं रिकव्हरी पार्टिशन दिसतंय, उडवू का? थांबा जरा.

रिकव्हरी पार्टिशन म्हणजे विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला डिस्कचा तुकडा. होतं काय, जुन्या पार्टिशनात नव्या विंडोजची रिकव्हरीची फाइल मावली नाही की विंडोज सी ड्राइव्हच्या शेवटचा तुकडा कापून नवीन पार्टिशन बनवतं आणि जुनं तसंच पडून राहतं. ते बऱ्याचदा अर्ध्या जीबीच्या आसपास असतं, म्हणजे उडवून हाती काही लागत नाही, शिवाय ते सी च्या आधी असेल तर ती जागा डिस्क मॅनेजमेंटमधून सी ला जोडताच येत नाही. उलट पार्टिशन छोटं पडलं म्हणून जानेवारी २०२४ चा एक सिक्युरिटी अपडेट कित्येकांच्या मशीनवर अडकला होता, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच ते २५० एमबीने वाढवायला सांगितलं.

चालू कुठलं ते बघायचंच असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि रीएजंटसी स्लॅश इन्फो टाइप करा (स्पेलिंग बिलाच्या मागे छापलंय). उत्तरात 'पार्टिशन४' असं काहीतरी येईल, तेच चालू. पण डिस्क मॅनेजमेंटमधे बोटाने मोजू नका हं, तिथे १६ एमबीचं एक रिझर्व्ह्ड पार्टिशन दिसतच नाही, त्यामुळे नंबर एकाने चुकतो आणि नेमकं चालू असलेलंच उडतं. डिस्कपार्ट या कमांडमधली यादी बरोबर असते.

१०-२० जीबीचं मोठं पार्टिशन असेल तर ते बहुतेक लॅपटॉप कंपनीचं, त्यातून विकत घेतलं तेव्हाचं जुनं विंडोज परत येतं, ११ नाही. जागेची फारच ओढाताण असेल तर ते काढता येतं, पण आधी १६ जीबीच्या पुढचा पेनड्राइव्ह घेऊन रिकव्हरी ड्राइव्ह बनवा, डेटाचा बॅकअप वेगळा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर तिची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, फक्त त्याच लॅपटॉपमधे सेव्ह करून काय उपयोग! ईएफआय लिहिलेल्या पार्टिशनला मात्र हातच लावू नका, मशीन सुरूच होणार नाही.

कधीकधी रिकव्हरीला ई किंवा एफ असं अक्षर लागतं आणि 'लो डिस्क स्पेस' चा मेसेज डोकं खातो, तिथे फक्त अक्षर काढायचं असतं, पार्टिशन नाही. ते आम्ही करून देतो, येताना चार्जर आणि बिटलॉकरची की आणा.