कृतिसाक्ष
ख्रिस्ती श्रद्धा उपदेशापेक्षा आचरणातून प्रकट करण्याची रीत. मराठी ख्रिस्ती मंडळींत (चर्चमध्ये) तिला ‘जीवनाची साक्ष’ असेही म्हणतात. नुसते ‘साक्ष’ म्हटले, की भक्तिसभेत उभे राहून सांगितलेला अनुभव असाच अर्थ बहुधा घेतला जातो. वास्तविक ‘साक्षी’ (स + अक्ष) म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिले तो. ग्रीक ‘मार्तुस’ हा शब्द मात्र न्यायसभेतला, जबानीशी बांधलेला. पुढे श्रद्धेपायी प्राण देणाऱ्यालाही तो लावला गेला.

या कल्पनेचा मुख्य आधार याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय. उघड्या, उपाशी माणसाला काही न देता ‘खुशाल जा, ऊब घे, पोटभर जेव’ एवढेच म्हणण्यात काय अर्थ, असे तेथे विचारले आहे, आणि क्रियांवाचून विश्वास निर्जीव ठरवला आहे. हे पत्र येशूचा बंधू याकोब याचे मानल्यास ते इ. स. ६२ च्या सुमारास किंवा त्याआधीचे ठरते. त्यातील सफाईदार ग्रीक पाहता ते पहिल्या शतकाच्या अखेरचे असावे, असेही अनेक अभ्यासकांचे मत आहे. नियमशास्त्रातील (मोशेच्या धर्मनियमांतील) कर्मांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, या प्रेषित पौलाच्या ‘रोमकरांस पत्रा’तील विधानाशी (३:२८) त्याचा मेळ कसा घालावा, हा जुना वाद. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक ल्यूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला ‘गवताचे पत्र’ म्हणजे कमी मोलाचे म्हटले; कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मपरिषदेने १५४७ मध्ये विश्वासाला सत्कृत्यांची जोड आवश्यक मानली. दोन्ही पत्रांत ग्रीक शब्द एकच आहे, ‘एर्गा’ (कृती). प्रचलित मराठी बायबलात मात्र पौलाकडे ‘नियमशास्त्रातील कर्मे’ आणि याकोबाकडे ‘क्रिया’ असे शब्द येतात, त्यामुळे मराठी वाचकाला हा विरोध तितकासा बोचत नाही. पौलाचा रोख नियमशास्त्राच्या पालनावर आणि याकोबाचा पोकळ कबुलीवर होता, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

‘सुवार्ता सदैव सांगा, गरज पडली तर शब्द वापरा’ हे वचन असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर सर्रास सांगितले जाते. त्याच्या लेखनात वा आरंभीच्या चरित्रांत ते आढळत नाही. त्याच्या संन्यासी संघाच्या १२२१ च्या नियमावलीत (अध्याय १७) संघातील सर्व बंधूंनी कृतींतून उपदेश करावा असे वाक्य आहे. लोकप्रिय वचन त्यावरूनच घडले असावे. फ्रान्सिस स्वतः गावोगाव बोलत हिंडणारा उपदेशक होता, हे ते उद्धृत करणारे सहसा विसरतात.

नागपुरात ही परंपरा प्रामुख्याने शाळा आणि दवाखान्यांतून दिसते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी शाळा उघडली. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ चे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे (दगडांची वर्तुळे) पाहिल्यावर ते गावातील शाळा तपासण्यासाठी मागे थांबले. बोरीच्या मुक्कामाकडे परतताना अंधारात पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. मुक्कामी परतला तो रिकामा घोडा. सीताबर्डी परिसरातील म्यूर मेमोरियल रुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे असून त्याचा आरंभ स्त्रियांच्या उपचारांसाठी झाला.

कवी ना. वा. टिळक १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीत भेटलेल्या एका साहेबाच्या सौजन्याने प्रभावित झाले. हा प्रसंग कृतिसाक्षीचा नमुना म्हणून सांगितला जातो. मात्र त्या साहेबाने काव्यावर गप्पा मारल्या आणि नवा करारही हाती दिला, म्हणजे शब्द होतेच. तो साहेब कोण, याविषयी एकमत नाही. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

या सेवेवर आक्षेपही नागपुरातूनच नोंदवले गेले. नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ मध्ये, उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली गेली. शाळा, रुग्णालये, अनाथालये ही धर्मांतराची साधने बनतात, असा ठपका तिने १९५६ च्या अहवालात ठेवला. ख्रिस्ती संस्थांनी तो अमान्य केला.