पेट्रोल गोठत नाही, बॅटरी दमते

दर डिसेंबरला एक मेसेज फिरतो: थंडीत टाकीतलं पेट्रोल गोठतं, म्हणून सकाळी गाडी सुरू होत नाही.

हे पटणं स्वाभाविक आहे, कारण गाडी अडते ती नेमकी गारठ्यातच. पण पेट्रोल गोठायला पारा उणे 40 अंशांच्याही खाली जावा लागतो. मुंबईजवळ येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरला पहाटे कितीही हुडहुडी भरली, तरी आपला पारा शून्याच्या जवळपासही जात नाही.

मग अडतं कुठे? बहुतेक वेळा बॅटरीत. गारव्यात तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल थोडं दाट झाल्याने स्टार्टरला जोर जास्त लागतो. खरी झीज मात्र मे महिन्याच्या उकाड्यातच झालेली असते. थंडीत ती उघडी पडते, इतकंच.

घरीच तपासा. हेडलाइट लावून स्टार्टर मारा. दिवे एकदम मंदावले, नुसती टकटक आली, तर बॅटरी किंवा तिची टर्मिनल्स (तारा जोडलेली टोकं) बघा. त्यांवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर ती साफ केल्यावरही पुष्कळदा काम भागतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावा: 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी.

स्टार्टर जोरात फिरतोय, तरी इंजिन पकडत नाही? तेव्हा बॅटरी सोडा, स्पार्क प्लग आणि पेट्रोलचा पुरवठा मेकॅनिककडून बघून घ्या.