पर्यावरणपूरक घरपोच सेवा आणि ग्राहकांचा कल (खानदेश)

किरकोळ विक्रीतला माल ग्राहकाकडे पोहोचवताना इंधन, फेऱ्या आणि वेष्टन कमी लागावे म्हणून दिले जाणारे पर्याय. अनेक वस्तू एकाच खोक्यात मागवणे, उशिराची तारीख पत्करणे, विजेवरच्या गाडीने पोहोच आणि जवळच्या दुकानातून स्वतः पार्सल नेणे हे त्यांतले प्रमुख. गोदामापासून उंबऱ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा सर्वांत खर्चिक, कारण ट्रकभर माल तिथे घराघरासाठी सुटा होतो.

ग्राहकांच्या अभ्यासांत एक विसंगती वारंवार दिसते : पर्यावरणाची काळजी बहुतेक जण बोलून दाखवतात, जादा पैसे मोजायला मात्र थोडेच तयार होतात. त्यापेक्षा दोन दिवस थांबणे लोकांना सोपे वाटते. सूट मिळाली तर अधिकच.

जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत निवडीपेक्षा भूगोल बलवत्तर ठरतो. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर महामार्ग धुळ्यात मिळतात, त्यामुळे तिथवर माल सहज येतो. सातपुड्यातल्या अक्राणी, अक्कलकुवा तालुक्यांत मात्र एकेक गाव अनेक पाड्यांत विखुरलेले. तिथे घरक्रमांक विचारण्यात अर्थ नसतो. माणूसच सडकेवरच्या दुकानापर्यंत येतो. शहरात ज्याला हरित पर्याय म्हणून मिरवले जाते, ते इथे नाइलाजाने घडते. एस.टी.ने पाठवलेल्या पार्सलचेही तसेच : गाडी तशीही जाणारच असते. पण तेवढ्यासाठी कोणी दहा किलोमीटर मोटारसायकल काढली, तर वाचलेले पेट्रोल तिथेच जळते. आठवडे बाजाराच्या दिवशी इतर कामांबरोबर पार्सल आणले तरच हिशेब जुळतो. मे महिन्यात जळगाव–भुसावळकडे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात असताना दुपारी दुकानापर्यंत जा, असे सांगणेही अवघडच.

वेष्टनाबाबत कायदा अर्ध्यावर थांबतो. एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. तिच्या यादीत मिठाईच्या डब्यावरचे प्लास्टिक आहे, पार्सलचे पाकीट नाही. पुठ्ठ्याचा खोका घरात ‘कामात येईल’ म्हणून ठेवला जातो, पाकीट लगेच उकिरड्यावर जाते.

पार्सल हाती आल्यावर रोख पैसे देण्याची पद्धत लहान गावांत भरवशाची वाटते. मात्र दारातून माल परत पाठवायला ग्राहकाला काहीच पडत नसल्याने परतीच्या फेऱ्या वाढतात. विजेवरच्या गाडीचे कौतुक करणारा ग्राहकही ही फेरी सहसा मोजत नाही.