कुंपणाच्या अलीकडे, कुंपणाच्या पलीकडे

फोंडा तालुक्यातलं आमचं गाव. रविवारची ग्रामसभा. पंखे गरगरत होते, पण वारा लागत नव्हता. एक ज्येष्ठ गृहस्थ उठले आणि कडाडले, ‘माझ्या भाटात (बागायतीत) मी काय बांधायचं ते पंचायतीनं मला का सांगावं?’ टाळ्या पडल्या. अर्ध्या तासानं तेच गृहस्थ पुन्हा उभे. शेजारच्या भाटात बाहेरच्या कुणीतरी तीन मजली काम काढलं होतं. आता विहिरींचं काय होणार? ‘पंचायत झोपलीय काय?’ पुन्हा टाळ्या. टाळ्या वाजवणारे हातही तेच. मीही दोन्ही वेळा वाजवल्या.

याला दुटप्पीपणा म्हणून मोकळं होता येतं. पण जनमताची मोजणी करणारे या कोड्याशी बराच काळ झटापट करत आहेत आणि त्यांच्या हाती लागलेलं उत्तर तेवढं सोपं नाही.

1941 साली डोनाल्ड रग या अमेरिकी संशोधकानं एक साधी तुलना छापली. लोकांच्या एका गटाला विचारलं होतं, लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का? 62 टक्के म्हणाले, देऊ नये. तशाच दुसऱ्या गटाला विचारलं, अशा भाषणांवर बंदी घालावी का? ‘घालावी’ म्हणणारे फक्त 46 टक्के. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यांत काडीचा फरक नाही, तरी मधे सोळा टक्के लोक गळाले. पुढच्या अभ्यासकांनी कारण शोधलं ते असं: ज्यांचं मत पक्कं नसतं त्यांना ‘परवानगी देणं’ म्हणजे पाठीशी उभं राहणं वाटतं आणि ‘बंदी घालणं’ म्हणजे लाठी उगारणं. दोन्ही नकोसं, म्हणून दोन्हीला ‘नाही’. म्हणजे स्वातंत्र्याबद्दलचं आपलं मत कपाटात घडी घालून ठेवलेलं नसतं. प्रश्न आला की तो ज्या शब्दांतून आला त्या शब्दांच्या हाताला धरून ते तिथल्या तिथे तयार होतं.

शब्दांची ही ताकद गोव्यात वेगळी सांगायला नको. देश 15 ऑगस्टला स्वातंत्र्यदिन करतो. आपण तोही करतो, पण 19 डिसेंबरला ‘मुक्तिदिन’. मुक्ती म्हटलं की कुणाच्या तरी कचाट्यातून सुटणं आलंच. 18 जून 1946 रोजी लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले, तेव्हा सरकार म्हणजे तोंडावर ठेवलेला हात होता. त्या हाताला ‘दूर हो’ म्हणण्यात कुठलीच विसंगती नव्हती. आज तोच शब्द, ‘सरकार’, पाण्याचा नळ, कदंबची बस आणि बांबोळीचं इस्पितळही आहे. शब्द एक राहिला, पोटातला ऐवज बदलला.

अमेरिकेत 1967 साली लॉइड फ्री आणि हॅडली कॅंट्रिल यांना हेच दिसलं होतं. सरकारनं लुडबूड कमी करावी का, असं मोघम विचारलं तर लोक माना डोलवत. वृद्धांच्या उपचारांचा खर्च, शाळा, बेकारी अशी एकेक बाब पुढे ठेवली की तीच माणसं म्हणत, इथे सरकारनं केलंच पाहिजे.

दुसरी गंमत अशी, की पाठीशी असलेलं सरकार दिसतच नाही. सुझॅन मेटलर या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ बाईंनी 2008 मधल्या एका पाहणीत लोकांना आधी विचारलं, तुम्ही कधी सरकारी योजनेचा फायदा घेतला आहे का? मग योजनांची यादी वाचून दाखवली. घरकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणाऱ्यांपैकी 60 टक्के आधी ‘कधीच नाही’ म्हणाले होते. सरकारकडून वृद्धापकाळाची पेन्शन घेणाऱ्यांतही असे 44 टक्के निघाले! करसवलतीला खिडकी नसते, रांग नसते, शिक्का नसतो, म्हणून ती मदत वाटत नाही, स्वतःची कमाई वाटते. आपल्याकडे गृहिणींसाठीच्या ‘गृहआधार’ योजनेचे पैसे खात्यात घेणारी बाई ‘लाभार्थी’ ठरते. जुन्या करपद्धतीत घरकर्जाच्या दोन लाखांपर्यंतच्या व्याजावर सूट घेणारे साहेब मात्र ‘करदाते’, आणि फुकट वाटपानं लोक आळशी होतात हे चहाच्या टेबलावर सांगणारेही बहुधा तेच. (माझंही घरकर्ज चालू आहे, म्हणून इथेच थांबतो.)

मदत दिसत नाही, पण आडकाठी लगेच बोचते. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञानं 1966 मध्ये मांडलं, की हातातला पर्याय काढून घेतला की तो पर्याय आधीपेक्षा जास्त हवासा होतो. पुढे मायामीत फॉस्फेट असलेल्या धुण्याच्या पावडरीवर बंदी आली, कारण फॉस्फेटनं पाण्यात शेवाळ माजतं. बंदी नसलेल्या टॅंपा शहराशी तुलना केली, तर मायामीच्या लोकांना तीच पावडर अधिक चांगली वाटत होती. पावडर तीच, मळही तोच. हेल्मेटचंही यापेक्षा वेगळं नाही. टाळूला घाम येतो हे खरं, पण घामापेक्षा ‘घालच’ हा शब्द जास्त टोचतो.

आणि आवाज! ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगे बंद. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. डेसिबलचं गणित फसवं असतं, दहा वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. किनाऱ्यावरच्या पार्ट्यांचा धडधडाट पोलिसांनी ताबडतोब बंद करावा यावर आमच्या गावात एकमत आहे. पण जत्रेच्या रात्री दशावतार रंगात आला असताना कुणी घड्याळ दाखवलं, तर ‘आमच्या परंपरेत सरकारनं नाक खुपसू नये.’ राज्य सरकारला सणांसाठी वर्षातून पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. दशावताराची खरी लढाई मध्यरात्रीनंतर सुरू होते, याची नियम लिहिणाऱ्याला कल्पना नसावी. मला स्वतःला जत्रेचा आवाज आवाज वाटतच नाही, आणि पार्टी करणाऱ्यालाही त्याचं संगीत तसंच वाटत असणार.

मग नियम कधीच आपला वाटत नाही का? वाटतो, आणि त्याचा दाखला आपल्या पायाखालीच आहे. खाजन शेती म्हणजे खाऱ्या पाण्याकडून मिळवलेली जमीन. मातीचे बांध, आणि मानशीची लाकडी दारं, जी भरतीच्या दाबानं मिटतात आणि ओहोटीला उघडतात. एकानं आपला बांध ढिला सोडला तर खारं पाणी सगळ्यांच्या भातात. म्हणून गावकरीचे, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेचे, नियम कडक होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेनचे पाटपाणी, स्वित्झर्लंडची डोंगरकुरणं, जपानची गावरानं अशी सामायिक मालकीची उदाहरणं तपासली आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जी व्यवस्था शतकानुशतकं टिकली, तिथे नियमाखाली राहणाऱ्यांनाच नियम बदलता येत होते, आणि शिक्षा पहिल्या चुकीला हलकी, पुढे वाढत जाणारी होती.

सभा संपल्यावर त्या गृहस्थांशी बाहेर चहा झाला. त्यांच्या वडिलांच्या काळी बांध फुटला की घरटी एक माणूस जायचा, रात्र असो की पाऊस.

‘आणि काका, नाही गेला तर?’

‘दंड.’

‘मग लोक तक्रार करायचे?’

‘कुणाकडे? दंड ठरवणारेही तेच.’ त्यांनी कप खाली ठेवला, हेल्मेट कोपरात अडकवलं आणि स्कूटर सुरू केली.