पोटापर्यंत चढलेलं हायड्रोसील की हर्निया?

तान्ह्या बाळाच्या अंडकोशाची सूज जांघेतून वर पोटाकडे गेलेली दिसली, की पहिला संशय हर्नियाचा येतो. तो यायलाच हवा. हर्नियात पोटातलं आतडं जांघेच्या वाटेने खाली उतरतं आणि तिथे अडकलं तर त्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो.

पण हुबेहूब तशीच दिसणारी एक दुर्मीळ सूज असते, ॲब्डोमिनोस्क्रोटल हायड्रोसील. तिच्यात आतडं नसतं, नुसतं पाणी असतं. वृषणाभोवतीच्या पिशवीत साचलेलं पाणी वाढत वाढत जांघेतून वर जातं आणि पोटात दुसरा फुगा तयार होतो. दोन फुगे आणि मधे अरुंद मान, असा डंबेलसारखा आकार. फ्रेंच शल्यविशारद द्युपुइत्रां यांनी 1834 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं.

गोंधळ होतो तो तपासणीत. सुजेच्या वर बोटांची चिमूट पोहोचली तर हायड्रोसील, नाही पोहोचली तर हर्निया, हा नेहमीचा ठोकताळा. इथे तो साफ फसतो, कारण पाण्याची पिशवीच वर पोटात गेलेली असते. सुजेवर बॅटरीचा उजेड टाकून पाहणंही पुरेसं नाही. पाणी उजळतं, तसं तान्ह्या बाळाचं पातळ आतडंही उजळू शकतं. म्हणूनच उजेड दिसला म्हणून सुई टोचून पाणी काढायला जाणं मला धोक्याचं वाटतं.

दाबून पाहिलं की फरक जास्त कळतो. न अडकलेला हर्निया हलके दाबल्यावर पोटात सरकतो, कधी गुडगुड आवाजही येतो आणि सूज जाते. या हायड्रोसीलमध्ये अंडकोश दाबला की पोटातली गाठ फुगते आणि हात काढताच पाणी पुन्हा खाली येतं. खात्री सोनोग्राफीने होते.

उपचारांची घाईही सारखी नसते. बाळाचा जांघेतला हर्निया आपोआप बरा होईल म्हणून थांबायचं नसतं, शस्त्रक्रिया लवकर करतात. हे हायड्रोसील मात्र काही बाळांमध्ये आपसूक ओसरतं, त्यामुळे डॉक्टर कधीकधी लक्ष ठेवून थांबतात. पोटातला फुगा मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंडाला सूज आणत असेल, पाय सुजत असेल किंवा वृषण ताणलं जात असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो.

सूज अचानक कडक झाली, बाळ रडायचं थांबेना, उलट्या सुरू झाल्या, तर निदानाची वाट न पाहता तडक हॉस्पिटल गाठा.